हैबती ढेबे आणि बिननावाचा दांड

हैबती ढेबे दक्षिण ध्रुवाकडचा बर्फ बघून एकतीस साली घरी परतला, तेव्हा वाडीनं त्याला पहिला प्रश्न विचारला तो चाऱ्याचा.

"तिकडं गवत कसं हाय?" म्हातारा सोनबा म्हणाला.

"न्हाईच."

"म्हंजे उन्हाळ्यात न्हाई?"

"कदीच न्हाई. नुसता बर्फ. काडी म्हून उगवत न्हाई."

सोनबानं तंबाखू थुंकली. "मंग दोन वरसं काय शेण घालत व्हतास तितं?"

वाडी हसली. हैबतीही हसला. येताना जहाजावर हाच प्रश्न त्यानं स्वतःला पन्नासदा विचारला होता आणि उत्तर काही सापडलं नव्हतं.

ही वाडी विंझर मागं टाकून वेल्ह्याच्या वर चढलं की लागते. तेव्हा सात घरं होती, सगळी धनगरांची. म्हशी, गाई, थोड्या शेळ्या. वाडीच्या डोक्यावर एक लांबलचक डोंगराची सोंड आहे, तिला म्हणतात वाघजाईचा दांड. पावसाळा सरला की तिच्यावर गुडघाभर गवत असतं आणि वाडीची सगळी गुरं तीन-साडेतीन महिने तिथंच असतात. दांड आहे म्हणून वाडी आहे. एवढं कळलं की पुढचं सगळं कळतं. साहेबाला आणि कचेरीला ते कळलं नाही, हा भाग वेगळा.

हैबतीची नजर भलती होती. पलीकडच्या डोंगरावरची शेळी गाभण आहे की नाही हे तो अलीकडून सांगतो, असं लोक म्हणत. त्यातलं निम्मं खोटं धरलं तरी उरलेलं निम्मं कुणालाही पुरे. सव्वीस साली मोजणीची पार्टी आली, तेव्हा टॉमलिन नावाच्या साहेबानं ही नजर हेरली आणि त्याला खलाशी म्हणून ठेवून घेतलं. मोजणीच्या गड्याला खलाशीच म्हणतात, समुद्राशी त्याचा संबंध नसतो. हैबतीचा पुढं आला, ते त्याचं नशीब.

काम असं. तिपाईवर एक लाकडी फळी बसवायची. फळीवर कागद ताणलेला. साहेब दुर्बिणीतून डोंगर बघणार, कागदावर रेघ ओढणार आणि विचारणार, "इसका नाम?" हैबती नाव सांगणार, साहेब लिहिणार. असं करत करत पार्टी एक दिवस वाघजाईच्या दांडावर आली. आश्विन महिना होता. चहूकडं गुरं चरत होती.

"इसका नाम?" साहेबानं विचारलं.

हैबतीनं भोवतीच्या गुरांकडे पाहिलं.

या वाडीची एक रीत आहे. दांडावर गुरं असेतो 'वाघ' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. काढला तर जनावराला ऐकू जातं आणि ते येतं. देवीचं नावही त्या दिवसांत घ्यायचं नाही, कारण त्यात तोच शब्द आहे. दांडाला नुसतं 'वर' म्हणायचं. मार्गशीर्षात गुरं खाली उतरली की मग हवं तेवढं नाव घ्या, नारळ फोडा, कोंबडं कापा. हैबतीच्या आजानं रीत पाळली, बापानं पाळली. आता बापाची म्हैस वीस हातांवर उभी असताना हैबती एका गोऱ्या माणसासाठी ती मोडणार होता थोडाच!

"मागनं सांगतो, साहेब," तो म्हणाला. "गुरं उतरल्यावर."

साहेबाला एवढा दम कुठला! गुरं उतरायच्या आत पार्टीनं तंबू उखडले, कागदावर शाई चढली आणि साऱ्या मुलखाला नावं मिळून एक दांड तेवढा कोरा राहिला. हैबतीला त्याचं काही वाटलं नाही. दांडाचं नाव दांडाला ठाऊक आहे, वाडीला ठाऊक आहे. कागदाला नसलं तर कागदाचं काय अडलं?

सोनबानं तर त्याची पाठ थोपटली होती. "शाब्बास, लेका. साहेबापुढं त्वांड न्हाई उघाडलंस."

एकोणतीस साली टॉमलिन साहेबाला बर्फाकडे जाणाऱ्या एका मोहिमेत जागा मिळाली आणि त्यानं हैबतीला सोबत मागितलं. बायको सारजाबाईनं विचारलं, "साहेबाला तिकडं गडी न्हाईत व्हय?"

"गडी हायत. डोळं न्हाईत."

"मंग जावा. पर तिकडंच ऱ्हाऊ नगा. म्हशी मला एकटीला ऐकत न्हाईत."

आफ्रिकेच्या टोकापर्यंत तो ओकत गेला. तिथून पुढं लाकडी जहाज, चरबीच्या वासाचं. त्यानं दोन घोंगड्या नेल्या होत्या. साहेब लोक त्या बघून हसले. तिसऱ्या दिवशी त्यांतल्याच एकानं एक घोंगडी मागून नेली, ती परत केलीच नाही. बर्फावर उभ्यानं चालणारे पक्षी होते, मासळीच्या घाणीचे. दिवसभर कलकल करायची आणि शेजाऱ्याचं लक्ष नसलं की त्याच्या घरट्यातला दगड पळवायचा, हा त्यांचा धंदा. हैबतीला ती वसाहत बघून आपल्या वाडीची आठवण झाली.

एका सकाळी सगळ्यांनी ढग म्हणून सोडून दिलेली एक पांढरी कड त्यानं धरली.

"साहेब, ढग न्हाई त्यो. त्याची सावली हलंना."

साहेबानं दुर्बीण लावली, तास गेला, दीड तास गेला, आणि मग आरडाओरडा सुरू झाला. डोंगर होता. आजवर कुणी न पाहिलेला. तिथं पोचायची सोय नव्हती, मधे फाटलेला बर्फ होता. म्हणून बर्फावरच दोन ठिकाणी फळी लावून लांबून मोजणी केली. तीन दिवस हैबती तिपाईचा पाय धरून बसला. हाताची बोटं आहेत की गेली हे तो मधूनमधून दातानं चावून बघत होता.

मोजणी संपल्यावर जहाजाच्या खोलीत सगळे जमले. हैबती कोपऱ्यात फळीवरचा कागद वाळवत बसला होता. मोहिमेच्या मुख्यानं एक पत्र्याची पेटी उघडली आणि आतून एक यादी काढली. यादी विलायतेतच तयार झाली होती. त्यात माणसांची नावं होती, कुणी मदत केली होती त्यांची, कुणाच्या ओळखी होत्या त्यांची, कुणाच्या सासूची. डोंगर एकही दिसला नव्हता, तेव्हाची ही यादी. नावं आधी बांधून आणली होती, आता एकेकाला डोंगर शोधून द्यायचा होता. पहिलं नाव हॉब्ली नावाच्या बिस्किटवाल्याचं. त्यानं जहाजाला बिस्किटांच्या पेट्या फुकट दिल्या होत्या. बिस्किटं जुनी आणि दगडासारखी होती, पण पेट्या पुष्कळ होत्या.

साहेबानं कागदावर नाव घातलं. हैबतीला राहवलं नाही.

"साहेब, ह्यो हॉबली हितं आलता?"

"नहीं."

"येनार हाय?"

"नहीं, हैबटी. बूढ़ा आदमी है."

"मंग त्येला ठावं तरी हाय का, असा डोंगर हाय म्हून?"

साहेब हसला. "अब चिठ्ठी लिखेंगे." मग मेहेरबानी केल्यासारखा म्हणाला, डोंगराच्या बाजूला एक लहान सुळका आहे, त्याला तुझं नाव देऊ का?

"नगं. माझं ढोर चरत न्हाई हितं."

साहेबानं हे बाकीच्यांना आपल्या भाषेत सांगितलं आणि सगळे डोळ्यांतून पाणी येईतो हसले. तो सुळका मग साहेबाच्या कुत्र्याला मिळाला.

हैबतीनं या लोकांबद्दलचं आपलं मत त्याच दिवशी ठरवलं आणि मरेपर्यंत बदललं नाही. शिकलेली माणसं, अंगात धमक, थंडीला भीत नाहीत. आणि अक्कल बघावी तर ही.

तो परत आला त्याच्या पुढच्या वर्षी वाडीवर जंगलाचा शिपाई आला आणि त्यानं सांगितलं, वरचा दांड राखीव झाला. येत्या कार्तिकात हद्दीचे दगड बसतील. त्यानंतर ढोर दिसलं तर कोंडवाड्यात.

हैबती विंझर, कापूरहोळ असं करत भोरला कचेरीत गेला. तिथं आनंदराव नावाचे मोठे कारकून होते. त्यांनी नकाशा उलगडला. टॉमलिन साहेबाचाच नकाशा.

"हे बघ. इथे नाव आहे, इथे आहे, इथे आहे. तुझ्या दांडावर काही आहे का? नाव नाही म्हणजे वस्ती नाही, वहिवाट नाही. मोकळं रान."

"रावसाहेब, ह्या नकाशाची फळी माज्या खांद्यावर व्हती."

"मग तेव्हा नाव का नाही सांगितलंस?"

"गुरं वर व्हती."

आनंदरावांना समजावून सांगितल्यावर ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. शेजारच्या टेबलांवर जाऊन त्यांनी ते दोनदा सांगितलं. हैबती उभाच. त्याला तो पत्र्याच्या पेटीतला कागद आठवला. ज्या डोंगराचा वारासुद्धा कधी हॉब्लीला लागला नाही, तो जगाच्या नकाशात हॉब्लीचा झाला. आणि ज्या दांडावर सात घरांच्या सात पिढ्या जगल्या, तो कुणाचाच नाही.

वाडीवर येऊन त्यानं हे सांगितलं, तर सोनबा म्हणाला, "तूच घालवलास दांड. त्वांड शिवलं व्हतं का तुजं?"

"तवा तूच शाब्बास म्हनला व्हतास, तात्या."

"तवाची गोष्ट येगळी."

वाडी मान डोलवत राहिली. पाठ थोपटणारे हात आता बोटं मोडायला लागले. येता-जाता "नकाशेवालं आलं बगा" असं सुरू झालं. सारजाबाई पाण्याला गेली की बायका बोलायच्या थांबत.

हैबती पुन्हा भोरला गेला. या खेपेला आनंदरावांचा नूर वेगळा होता. हा गडी ध्रुवाकडे जाऊन आलाय, हे मधल्या काळात त्यांच्या कानावर आलं होतं. भोरात रिकामटेकड्या शहाण्यांचा तुटवडा नव्हता आणि आनंदराव त्यांतले म्होरके. त्यांनी हैबतीला चक्क बसायला सांगितलं.

"हे बघ, तुझा आपण सत्कार करू. वाचनालयात. तू चार शब्द बोलायचं. तिकडे तुम्ही डोंगर शोधलात ना? त्याला तू आपल्या इथल्या किल्ल्याचं, प्रचंडगड हे नाव सुचवलंस आणि साहेबाने ते मान्य केलं, एवढं सांगायचं. आणि साहेबाकडे तुझी शिफारस मी केली होती, तेही."

शिफारस वगैरे काही नव्हती. सव्वीस साली एका परवान्यावर त्यांनी शिक्का मारला होता, एवढाच काय तो संबंध.

"आन दांडाचं?"

"दांडाचा रिपोर्ट मी दुसऱ्या दिवशी वर पाठवतो. जुनी वहिवाट आहे म्हणून लिहितो. झालं?"

हैबती कबूल झाला. खोटं बोलायला तो डरणारा नव्हता; म्हशीच्या बाजारात तो रोज बोले. दांड सुटत असेल तर हॉब्लीच्या डोंगराला तो मारुतीचंही नाव द्यायला तयार होता.

वाचनालयात पन्नासेक मंडळी जमली. हार, गुलाबपाणी, भिंतीवर पृथ्वीचा नकाशा. आनंदरावांनी प्रास्ताविक केलं आणि ते लांबलं. बोलता बोलता त्यांना रंग चढला. म्हणाले, "सज्जनहो, आपल्या या डोंगरी लोकांची गंमत बघा. यांना स्वतःच्या डोक्यावरच्या टेकडीला नाव द्यायचं सुचलं नाही. नकाशात कोरी जागा! पण योग्य मार्गदर्शन मिळालं, तेव्हा याच माणसाने ध्रुवावरच्या पर्वताला नाव दिलं!"

टाळ्या पडल्या. हैबती उठला. घरून घोकून आणलेलं वाक्य त्याच्या जिभेवर होतं. ते तिथंच राहिलं.

"त्या डोंगराचं नाव हॉबली हाय," तो म्हणाला. "हॉबली बिस्किटं इकतो. तितं त्यो कदी गेला न्हाई. बाजूच्या सुळक्याला कुत्र्याचं नाव हाय. कुत्रं बी गेलं न्हाई. म्या कायबी नाव दिल्यालं न्हाई. आन आमच्या दांडाला नाव हाय. तुमाला ठावं न्हाई, म्हून न्हाई व्हय?"

मागच्या बाकावरची दोन कॉलेजची पोरं मोठ्यानं हसली. आनंदरावांनी घाईघाईनं आभार मानले. हार मात्र हैबतीच्या गळ्यातच राहिला. तो त्यानं वाटेत कापूरहोळाला एका बैलाला चारला.

रिपोर्ट गेला नाही, हे सांगायला नको.

"एक खोटं बोलायचं व्हतं," सारजाबाई म्हणाली. "रोज बोलता."

"त्यो म्हनला, आमाला नाव द्याया सुचलं न्हाई."

"म्हनू द्यावं. म्हशींला काय त्येचं?" मग जरा वेळानं तिनंच विचारलं, "त्येचं त्वांड कसं झालं पर?"

"वांग्यावानी."

"बरं झालं."

कार्तिक उजाडला. सोनबानं ठरवलं की सगळी गुरं दांडावर उभी करायची आणि म्हणायचं, उठवा आता. जंगलखात्याचा वरचा अधिकारी स्वतः आला, सोबत आनंदराव, शिपाई आणि दगड वाहणारे गडी. अधिकारी मराठी माणूस होता, चढून चढून घामाघूम झालेला, पण डोकं ठिकाणावर असलेला. त्यानं गुरांकडे पाहिलं, तुडवलेल्या वाटांकडे पाहिलं.

"ही तर जुनी चराईची जागा दिसते," तो म्हणाला.

"साहेब, नकाशात नाव नाही," आनंदराव म्हणाले.

"मग विचारू या. काय हो, पिढ्यान्‌पिढ्या चारताय म्हणता, या दांडाला नाव असेलच. काय म्हणता तुम्ही याला? आत्ता लिहितो, दगड दांडाच्या पलीकडे सरकवतो."

इतकं सोपं होतं. एक शब्द. वाडीचे झाडून सगळे बाप्ये तिथं होते. भोवती शंभरेक गुरं चरत होती. सोनबा पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागला. बाकीचे सोनबाकडे बघायला लागले.

"बोला की," अधिकारी म्हणाला.

"वर म्हनतो आमी," सोनबा पुटपुटला.

"वर? हे काय नाव झालं?"

आनंदराव हसले. त्यांना कारण माहीत होतं. सगळ्या भोरात त्यांनीच ते हसून हसून सांगितलं होतं, आणि आता साहेबाला सांगायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. हैबतीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग आपल्या माणसांकडे पाहिलं. दांड जातोय हे दिसत असून खाली माना घालून उभी असलेली ही माणसं. आत्ता गप्प बसतील आणि उद्यापासून पुन्हा त्यालाच बोल लावतील. त्याला दोन्हीकडची सारखीच चीड आली.

"वाघजाईचा दांड!" तो ओरडला. हळू बोलून भागलं असतं, पण तो ओरडलाच. समोरच्या कड्यावरून शब्द परत आला.

गेनू नावाच्या गड्यानं कानांवर हात ठेवले.

"साहेब, हा माणूस बनवाबनवी करतो," आनंदराव म्हणाले. "भर सभेत मला तोंडघशी पाडलंय यानं. आत्ता रचलं असेल."

अधिकाऱ्यानं मान हलवली. "एकाच्या सांगण्यावर लिहिता येणार नाही. दुसरं कुणी सांगा. हेच नाव आहे ना?"

जो तो मागं सरकला. अधिकाऱ्यानं वही मिटायला घेतली.

"व्हय, त्येच हाय," सारजाबाई म्हणाली. ताकाचा हंडा डोक्यावर घेऊन ती नुकतीच चढून आली होती. हंडा उतरवायलाही ती थांबली नाही. "वाघजाई. वाघ. वाघ. ल्हिवा, सायब. ही मुकी जनावरं हायती, ह्येंच्याकडनं काय निगायचं न्हाई."

गुरांपेक्षा माणसांकडेच तिचा हात होता. अधिकाऱ्यानं लिहिलं. मग त्यानं विचारलं, खालच्या झऱ्याला काय म्हणता, त्या कातळाला काय, आणि तिथं मात्र वाडीला कंठ फुटला. त्या नावांत तो शब्द नव्हता ना! भराभरा वीस नावं झाली. जो तो पुढं येऊन सांगत होता, बोट दाखवून, छाती काढून. संध्याकाळच्या आत हद्दीचे दगड दांडाच्या पलीकडच्या उतारावर गेले. आनंदराव उतरताना घसरून बसले, त्यांना कुणी हात दिला नाही. हैबतीनंही नाही.

त्या साली वाघ आला नाही. महिना गेला, दोन गेले, एक करडूसुद्धा कमी झालं नाही. यावर कुणी म्हणेल, वाडीला हायसं वाटलं असेल. वाडीला राग आला. एक वासरू उचललं गेलं असतं, तर हैबती-सारजाबाईकडून दंड घेऊन, कोंबडं कापून सगळं मिटवता आलं असतं. आता काय मिटवणार! सोनबानं शेवटी तोडगा काढला की देवी त्या दोघांवर रुसली आहे, वाडीवर नाही. त्यांच्या घरचं पाणी प्यायचं नाही. दांडावरचं गवत खायला हरकत नव्हती.

पुढं दर दोन-चार वर्षांनी कुणी ना कुणी यायचा. जंगलाचा नवा शिपाई, मोजणीचा माणूस, चाळीस सालानंतर लष्कराच्या कामाचे कोणी. गुरं वर असायची आणि ते विचारायचे, हे काय, ते काय. वाडीची माणसं अदबीनं सांगायची, "थांबा, हैबतीला बोलवतो." मग एक गडी त्याच्या दारापर्यंत यायचा, उंबऱ्याला न शिवता लांबूनच हाक मारायचा. साठीला टेकलेला, बर्फानं एका पायाची दोन बोटं खाल्लेला हैबती काठी घेऊन दांड चढायचा.

"जाता कशाला?" सारजाबाई ओरडायची. "पानी पीत न्हाईत त्ये आपलं. आन त्वांड म्हून तुमाला वापरत्यात."

"येकदा गप बसलो, सारजे. त्येची किंमत म्या बगितली."

"मंग पानी मागून घ्या त्येंच्याकडनं. नाव सांगन्याच्या आदी."

पुढच्या खेपेला त्यानं तेच केलं. मोजणीचा माणूस वही उघडून उभा होता. हैबती दगडावर बसला आणि सोनबाच्या मुलाला म्हणाला, तुझ्या तांब्यातलं पाणी दे, आणि मग तू माझ्या तांब्यातलं पी. या माणसादेखत. तो मुलगा लाल झाला, वाडीकडे बघू लागला. मोजणीवाल्याला काही कळेना.

मग सोनबाचा मुलगा आपला तांब्या हैबतीला देऊन त्याच्या तांब्यातलं पाणी घटाघटा प्यायला, आणि हैबतीनं दांडाचं नाव सांगितलं.